ऋणदाब जखमोपचार

ऋणदाब जखमोपचार ही जखम हवाबंद झाकून तिच्यावर वातावरणापेक्षा कमी दाब निर्माण करण्याची उपचारपद्धती आहे. रुग्णालयांत ती ‘व्हॅक ड्रेसिंग’ या नावाने ओळखली जाते. ‘व्हॅक’ हे ‘व्हॅक्यूम असिस्टेड क्लोजर’चे संक्षिप्त रूप आहे. मधुमेही पायावरील जखमा, उघडे अस्थिभंग, शय्याव्रण आणि शस्त्रक्रियेनंतरच्या जखमा यांसाठी ती वापरतात. तिची उपयुक्तता जखमेच्या प्रकारानुसार बदलते.

कार्यपद्धती

मृत ऊती काढून स्वच्छ केलेल्या जखमेत निर्जंतुक फोम किंवा गॉझ भरतात. त्यावर चिकट पारदर्शक पटल लावून नळीने शोषक पंप जोडतात. दाब सामान्यतः वातावरणापेक्षा १२५ मिलिमीटर पाऱ्याइतका कमी ठेवला जातो. त्यामुळे स्राव बाहेर ओढला जातो, सूज उतरते, जखमेच्या कडा जवळ येतात आणि मांसांकुर (भरून येणारी नवी लालसर ऊती) वाढण्यास चालना मिळते. पट्टी साधारणतः ४८ ते ७२ तासांनी बदलतात.

इतिहास

जर्मनीत विम फ्लाइशमान व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये उघड्या अस्थिभंगांवरील वापराचे अनुभव प्रसिद्ध केले. अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठाचे लुई अर्जेंटा आणि मायकेल मोरिक्वास यांनी १९९७ मध्ये डुकरांवरील प्रयोग व रुग्णांवरील अनुभव मांडले. ३०० जखमांपैकी २९६ जखमांत अनुकूल प्रतिसाद मिळाल्याचे त्यांनी नोंदवले; मात्र तुलनेसाठी दुसरा रुग्णगट नव्हता.

पुरावे

मधुमेही पाय : पायाचा काही भाग कापावा लागलेल्या १६२ रुग्णांच्या २००५ मधील चाचणीत या उपचाराने ५६ टक्के, तर नेहमीच्या पट्टीने ३९ टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यानुसार लाभ संभवतो, पण पुराव्याची खात्री कमी प्रतीची आहे.

उघडे अस्थिभंग : २००९ मधील एका छोट्या अमेरिकन चाचणीत खोल जंतुसंसर्ग बराच कमी आढळला होता. ब्रिटनमधील ४६० रुग्णांच्या ‘वुल्फ’ चाचणीत (२०१८) वर्षभरानंतरच्या अपंगत्वात किंवा खोल जंतुसंसर्गात अर्थपूर्ण फरक दिसला नाही.

टाके घातलेल्या जखमा : कॉक्रेनच्या २०२२ च्या आढाव्यात जंतुसंसर्गाचे प्रमाण नेहमीच्या पट्टीने सुमारे ११.७५, तर या उपचाराने ८.७ टक्के आढळले. जखम उसवण्याच्या प्रमाणात बहुधा फरक पडत नाही.

शय्याव्रण व पायावरील शिराजन्य व्रण : यांवरील चाचण्या थोड्या व लहान असल्याने निष्कर्ष काढता येत नाही.

अनेक चाचण्यांना उपकरण-उत्पादकांचे अर्थसाहाय्य होते. पूर्ण झालेल्या काही चाचण्यांचे निष्कर्ष अप्रकाशित राहिल्याकडे जर्मन संशोधकांनी २००८ मध्ये लक्ष वेधले.

धोके

रक्तस्राव हा सर्वांत गंभीर धोका आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये दोन वर्षांतील ६ मृत्यू व ७७ इजांच्या नोंदींचा उल्लेख करून इशारा दिला. जखमेत कर्करोग, उपचार न झालेला अस्थिसंसर्ग, मृत ऊती अथवा उघड्या रक्तवाहिन्या असल्यास हा उपचार निषिद्ध आहे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांबाबत विशेष दक्षता लागते. शोषण दीर्घकाळ बंद पडल्यास साचलेल्या स्रावामुळे जंतुसंसर्ग बळावू शकतो. म्हणून वीजपुरवठा व देखरेख महत्त्वाची ठरते.

भारतातील वापर

तयार संच महाग असल्याने अनेक भारतीय रुग्णालयांत निर्जंतुक केलेला फोम, चिकट पटल आणि भिंतीवरील शोषण-व्यवस्था यांची जोडणी करतात. मणिपाल येथे खंडित ऋणदाब वापरणारी स्वतंत्र पट्टी विकसित झाली. भिवंडीसारख्या यंत्रमाग-नगरात रोजंदारीवरील कुटुंबाला पट्टीच्या खर्चाबरोबर बुडालेल्या मजुरीचाही भार सोसावा लागतो. त्यामुळे संबंधित जखमेत लाभाचा पुरावा कितपत आहे, हे उपचारापूर्वी रुग्णाला सांगितले जाणे अगत्याचे आहे. जखमेची स्वच्छता, रक्तशर्करेचे नियंत्रण, पायावरील भार कमी करणे आणि रक्तपुरवठ्याची तपासणी यांना हा उपचार पर्याय ठरत नाही.