सोसणं म्हणजे शांती नव्हे



गेल्या महिन्यात याच ठिकाणी आम्ही गीतेतल्या स्थितप्रज्ञावर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर एक बाई पुढे आल्या. वय असेल पन्नाशीचं. म्हणाल्या, "सर, सगळं पटलं. फक्त एवढंच सांगा, मन शांत करायला बसायचं कधी? सकाळी डबे, दुपारी सासूबाईंचं औषधपाणी, संध्याकाळी परत स्वयंपाक." आजूबाजूचे हसले. आम्हीही हसलो. पण घरी जाताना लक्षात आलं, की तीस-बत्तीस वर्षं आपण तत्त्वज्ञान शिकवलं आणि या साध्या प्रश्नाला आपल्यापाशी उत्तर नाही.

म्हणून आज जरा वेगळ्या वाटेने जाऊ. आज आपण इतिहास पाहणार आहोत. महाराष्ट्रातल्या बाईच्या रोजच्या आरोग्याचा आणि तिच्या मनःशांतीचा इतिहास.

सुरुवात एका शब्दापासून करू. स्वास्थ्य. स्वतःच्या ठिकाणी असणं, असा त्याचा मूळ अर्थ. सुश्रुतसंहितेत निरोगी माणसाचं लक्षण सांगताना दोष, अग्नी, धातू यांचा समतोल तर सांगितला आहेच, पण आत्मा, इंद्रियं आणि मन प्रसन्न असलं पाहिजे, असंही म्हटलं आहे. म्हणजे शरीर आणि मन वेगळं काढायचं नाही, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. आता नीट पाहा हं. स्वतःच्या ठिकाणी असायचं, तर आधी स्वतःचं असं ठिकाण हवं. घटकाभर वेळ हवा. तो बाईला होता का?

होता, पण कुठे? जात्यावर. पहाटे, घर झोपेत असताना, बाई दळायला बसे. पुष्कळदा दोघी समोरासमोर, खुंट्याला दोघींचे हात. हे कष्टाचं काम. खांदे भरून येत, तळहाताला घट्टे पडत. आणि त्याच वेळी ती ओवी म्हणे. माहेरचं, भावाचं, पंढरीच्या विठ्ठलाचं, वनवासात धाडलेल्या सीतेचं. सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, गेलेल्या लेकराबद्दल जे दिवसाउजेडी बोलता येत नव्हतं, ते जात्याच्या घरघरीत बोललं जाई. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. एवढ्या बायका एवढं बोलत होत्या आणि आपल्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत त्यातलं काही आलं नाही, याची आम्हाला आज खंत वाटते.

पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. बायकांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तो रास्तच होता. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा पायलीभर ज्वारी दळून पाहावी! पण कष्टाबरोबर बोलायची जागाही गेली, हेही खरं. तिथे तिला जे मिळत होतं, त्याला आम्ही मोकळं होणं म्हणू. शांती म्हणायला मात्र जीभ रेटत नाही. दुखणं बोलून हलकं होतं, पण बरं होत नाही.

इथे आमचा आजचा मुद्दा येतो. बाईचं कौतुक करताना आपला आवडता शब्द कोणता? सोशिक. 'फार सोशिक हो, कधी तोंडातून ब्र काढला नाही.' पुष्कळ वेळा या सोसण्यालाच आपण शांती म्हणत आलो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं ना! शांत माणूसही बोलत नाही आणि सोसणारी बाईही बोलत नाही. फरक आत असतो. गेल्या दीडशे वर्षांत आपल्याकडे बाईचं आरोग्य जिथे जिथे सुधारलं, तिथे आधी कुणीतरी या दोन गोष्टींतला फरक ओळखला होता. आता तीन-चार ठिकाणं पाहू.

पहिलं ठिकाण पुणे, साल १८६३. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. त्या काळात तरुण विधवेला दिवस गेले, तर तिच्यापुढे वाटा दोनच. लपून गर्भपात, नाहीतर जन्मलेल्या मुलाची हत्या. दोन्हींत तिचा जीव जाण्याची भीती. फुले दांपत्याने सांगितलं, इथे या, बाळंत व्हा, हवं तर मूल इथे ठेवून जा. हे समाजसुधारणेचं काम म्हणून आपण शिकतो. आम्हाला ते आरोग्याचं कामही वाटतं. सुरक्षित बाळंतपण आणि भीतीवाचून झोप, दोन्ही एकाच दाराआड मिळत होती. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगमध्ये त्याच्याबरोबर रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

दुसरं ठिकाण मुंबई. बायकांनी पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवायची नाही, असा तो काळ. दुखणं अंगावर काढायचं, अगदीच झालं तर सुईणीला बोलवायचं. इंग्लंडहून डॉक्टर एडिथ पेची १८८३ साली मुंबईत आल्या. या बाई कोण? १८६९ साली एडिंबरा विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकायला ज्या पहिल्या मुली गेल्या, त्यांतल्या एक. १८८६ साली कामा हॉस्पिटल उघडलं. बायका-मुलांसाठी, आणि उपचार करणाऱ्याही बायकाच. 'आमच्या बायका दवाखान्यात येतच नाहीत' असं म्हणणाऱ्यांना मिळालेलं ते उत्तर होतं. तिचं ऐकून घेणारं कुणी असलं की बाई येते.

त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला त्यांनी नकार दिला. १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. त्या म्हणाल्या, कैद चालेल. पुढच्या वर्षी तडजोड झाली. मग त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट इथे कितीतरी वर्षं त्यांनी बायकांवर उपचार केले. आम्हाला यात एक धागा दिसतो. जिने स्वतः 'नाही' म्हटलं, तिला दुसरीचं न बोललेलं दुखणं ऐकू आलं असणार.

आणि आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं, आणि त्यातून डॉक्टर व्हायचा निश्चय. १८८३ साली अमेरिकेला निघाल्या, १८८६ साली फिलाडेल्फियाला पदवी मिळाली. प्रबंध कशावर? हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूकही झाली होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्या गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. आपण त्यांच्या जिद्दीची गोष्ट सांगतो, सांगावीच. पण त्यातली दुसरी गोष्टही विसरू नये. इतर बायकांच्या आरोग्यासाठी जी सातासमुद्रापार गेली, तिने स्वतःचं आजारपण अंगावर काढत अभ्यास केला. डॉक्टर होऊनही सोसण्याची सवय सुटली नव्हती. एवढी ती खोल असते.

तिसरं ठिकाण गिरणगाव. मुंबईच्या कापडगिरण्यांत हजारो बायका काम करत. बाळंतपणासाठी घरी बसलं की पगार बंद. म्हणून दिवस भरत आले तरी साच्यापाशी उभं राहायचं आणि बाळंत होऊन आठवडा सरतो न सरतो तोच परत कामावर. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतिलाभाचं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, तेव्हा त्याचा भार बराचसा सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली मुंबई प्रांतात तसा कायदा झाला, देशातला पहिला. आमच्या दृष्टीने या कायद्यात एक मोठा विचार आहे. विश्रांती म्हणजे आळस नाही, कुणाचे उपकारही नाहीत. तो हक्क आहे, आणि त्या दिवसांचा पैसा मिळाला पाहिजे.

कुणी म्हणेल, आपल्या परंपरेत बाईला विश्रांती होती की! महिन्याचे ते चार दिवस. हा युक्तिवाद आम्ही बऱ्याचदा ऐकतो. घरात हाताशी दुसरी बाई असेल, तर चार दिवस चुलीपासून सुटका मिळे, हे खरं. काही बायकांना ते बरंही वाटे. पण शेतावर राबणारीला कुठले चार दिवस? आणि दुसरं असं, की ती विश्रांती 'तू अशुद्ध आहेस' असं सांगून मिळत होती. अपमान करून दिलेल्या विश्रांतीने पाठीला आराम पडेल, मनाला कसा पडणार? त्यापेक्षा माहेरपण बरं, मंगळागौरीची रात्र बरी. झिम्मा-फुगड्यांत अंग मोकळं होई, हसणं-खिदळणं होई, आणि हलकं कुणी म्हणत नसे. फक्त ते वर्षातून मोजके दिवस.

चौथं ठिकाण एक मासिक आहे. रघुनाथ धोंडो कर्वे, गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं. या कामापायी प्राध्यापकी गेली. अश्लीलतेचे खटले झाले, त्यातला १९३४चा खटला आंबेडकरांनी त्यांच्या बाजूने लढवला. मासिक १९५३ पर्यंत, म्हणजे त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललं. पत्नी मालतीबाई मिळवत्या होत्या, त्यांचा आधार नसता तर हे निभलं नसतं. मूल कधी आणि किती हे बाईने ठरवावं, हे त्या काळी उच्चारणंही कठीण होतं. १९३८ साली आंबेडकरांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत आला, तो फेटाळला गेला. लागोपाठच्या बाळंतपणांनी खंगलेल्या बाईला 'मन शांत ठेव' असा उपदेश करणारे पुष्कळ होते. कर्व्यांनी मासिकाच्या नावातच स्वास्थ्य हा शब्द ठेवला, त्याचं आम्हाला मोल वाटतं.

आता घरातलं एक सांगतो. सांगायला संकोच वाटतो, पण तो टाळला तर आजचं बोलणं अर्धवट राहील.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी ओट्यापाशी या चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन इतकं कमी की डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला. त्यांनी विचारलं, "जिना चढताना दम लागतो का?" या म्हणाल्या, "लागतो." "कधीपासून?" "असेल वर्ष-दीड वर्ष." डॉक्टर म्हणाले, "मग घरी कुणाला सांगितलं का नाही?" तेव्हा आमच्याकडे न पाहता या म्हणाल्या, "ह्यांची व्याख्यानं चालू होती."

व्याख्यानं कशावर होती, माहीत आहे? चित्तशुद्धीवर. आमची टिपणं ज्या टेबलावर तयार होत, तिथे चहाचा कप आपोआप येई. तो कोण आणतंय, आणताना तिला धाप लागतेय का, हे आम्ही दीड वर्ष पाहिलं नव्हतं. त्या घराला आम्ही शांत घर म्हणत होतो. उपचार झाले, आता प्रकृती उत्तम आहे. पण ते वाक्य आमच्या कानातून जात नाही.

हे एका घरापुरतं नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. २०१९च्या केंद्र सरकारच्या वेळेच्या पाहणीत दिसलं, की देशात घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २९९ मिनिटं घालवतात आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटं. 'बसायचं कधी?' असं त्या बाईंनी विचारलं होतं. त्यांचा प्रश्न या दोन आकड्यांतल्या फरकात आहे.

मग मनःशांतीचं काय? ध्यान, जप, वाचन, सकाळचं फिरणं, हे सगळं चांगलंच आहे. आम्ही स्वतः करतो. पण ज्या बाईला दम लागतोय तिला प्राणायामाआधी रक्ताची तपासणी हवी. जिला पाच तास झोप मिळते तिला पोथीआधी सहावा तास हवा. आणि जिचं दुखणं मनाचं आहे, महिनोन्‌महिने काही गोड लागत नाही, झोप येत नाही, तिलाही डॉक्टरकडे जायला संकोच नको. गीतेतलाही संवाद सुरू कसा होतो? अंगाला कंप सुटलाय, तोंड कोरडं पडलंय, हे अर्जुन आधी बोलून दाखवतो. कृष्ण ते ऐकून घेतो, आणि मग उपदेश येतो. आपण बायकांना बोलायची ती पायरीच गाळून थेट उपदेश देत आलो.

तेव्हा त्या बाईंना आमचं उत्तर असं. आज त्या समोर बसल्या आहेत. बाई, बसायला वेळ कधी मिळेल ते तुम्ही एकटीने शोधायचं नाही. दुखलं तर पहिल्याच दिवशी घरात मोठ्याने सांगा. 'काही नाही, होईल बरं' हे वाक्य थोडे दिवस बाजूला ठेवा. आणि घरातल्या पुरुषांनो, आमच्यासकट, व्याख्यानाला येण्याआधी घरात काय राहिलंय ते पाहून या. शांती नंतर येईल. तिला यायला जागा तरी होईल.

पुढच्या वेळी आपण रमाबाई रानडे आणि पुण्याच्या सेवासदनाबद्दल बोलू. आता प्रश्न असतील तर विचारा. आज आधी बायकांनी विचारायचे.