आजोबांचे मुक्काम आणि कार्डांवरचे शिक्के

२३. या मुक्कामांच्या तारखा लेखकाने कार्डांच्या मजकुरावरून लावल्या आहेत. आम्ही त्या शिक्क्यांशी ताडून पाहिल्या, कारण मजकुरात बहुधा ‘वद्य पंचमी’ एवढेच असते, साल नसते. आपल्याकडे पोस्टकार्ड १८७९ मध्ये पाव आण्याला सुरू झाले. १९२२ मध्ये दर अर्धा आणा झाला. भुसावळहून आलेल्या कार्डावर छापील पाव आण्याशेजारी पाव आण्याचे तिकीट डकवले आहे, शिक्का निम्मा त्यावर उमटलेला; तेव्हा ते दरवाढीनंतरचेच मानावे. ‘आर. एम. एस.’ शिक्क्याची कार्डे मात्र फार जपून वाचायला हवीत. रेल्वे टपालाचा हा शिक्का धावत्या गाडीतही पडे. त्यावरून टपालाची वाट कळते, लिहिणाऱ्याचा मुक्काम नव्हे.