गाडी थांबवणारे हात

हिब्रूत रेल्वेच्या इंजिनाला ‘कतार’ म्हणतात. धूर या अर्थाच्या धातूपासून हा शब्द झाला; बेथ हामिकदाशमधल्या धूपाचा ‘केतोरेत’ त्याचाच भाऊबंद. आखातातील कतार देशात मात्र धूर सोडणारी रेल्वे कधी नव्हतीच. तिथे 2019 मध्ये एकदम दोहा मेट्रो आली, तीही चालकाशिवाय धावणारी. ब्रेकसुद्धा यंत्रच लावते.

आपल्या कोकणाच्या माथ्यावरची गोष्ट वेगळी. आपल्यातील कित्येकांचे वडील, काका जी. आय. पी. रेल्वेत नोकरीला होते. गाडी चालवण्यापेक्षा थांबवणे कठीण, हे त्या पिढीला पक्के ठाऊक होते.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती सपाटीवरून. खरी परीक्षा 1863 मध्ये बोरघाट खुला झाल्यावर लागली. 37 फुटांमागे एक फूट, असा तिथला कडक चढ. वर जाताना इंजिनाचा कस लागे, उतरताना ब्रेकचा. त्या काळी ब्रेक हातानेच आवळत. म्हणून घाटात ‘कॅच सायडिंग’ ठेवले होते: गाडी आवरली नाही, तर ती चढाच्या आडमार्गावर शिरून आपोआप थांबावी.

पुढे व्हॅक्यूम ब्रेक आला. सगळ्या डब्यांखालून एक नळी जाते आणि इंजिन तिच्यातली हवा ओढून घेते. नळीत हवा शिरली की प्रत्येक डब्याचे ब्रेक आवळतात. डबे तुटून वेगळे झाले, तरी नळी तुटते आणि ते जागीच थांबतात. 1889 मध्ये आयर्लंडमधील आर्मा येथे सुटे झालेले डबे उतारावरून मागे घसरले आणि सुमारे 80 माणसे दगावली. त्यानंतरच ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना असा ब्रेक कायद्याने सक्तीचा झाला. आपण डब्यातली साखळी ओढायचो, तेव्हा याच नळीत हवा शिरत असे.

माथेरानच्या गाडीवर मात्र हातब्रेक कितीतरी वर्षे टिकला. आदमजी पीरभॉय घराण्याने बांधलेली ही दोन फुटी लाइन 1907 मध्ये सुरू झाली. चढ 20 फुटांस एक फूट. डब्यांच्या मधे ब्रेक पोर्टर बसत. इंजिनाची शिट्टी ऐकून ते ब्रेकचे चाक फिरवत, कधी आवळत, कधी सैल सोडत. एकाचा हात चुकला, तर ताण बाकीच्यांवर. पावसाळ्याच्या तोंडावर रूळ निसरडे झाले की कान अधिकच टवकारावे लागत. 2016 मध्ये डबे घसरल्यावर गाडी बंद ठेवली गेली आणि पुढे डब्यांना हवेचे ब्रेक बसवले.

वाफेची ती जर्मन इंजिने आता जपून ठेवली आहेत: नेरळला, माथेरानला, दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात, एक तर इंग्लंडमध्ये. ती रंगवून, पुसून उभी आहेत आणि नातवंडे त्यांच्यापुढे फोटो काढतात. परंतु ब्रेकच्या चाकावर ज्यांचे तळहात घट्टे पडून कडक झाले, त्यांची नावे कुठल्या पाटीवर नाहीत.

आपल्या घरांतही असे कोणी होते. गार्ड, फिटर, वर्कशॉपमधले कामगार. त्यांचे हुद्दे, स्टेशने, शिट्टीच्या खुणा आपल्यापैकी ज्यांना आठवतात, त्यांनी त्या आता लिहून काढाव्यात. पुढच्या पिढीला इंजिन पाहता येईल. ते थांबवत कोण होते, हे आपणच सांगू शकतो.