अक्षर, हिशेब आणि समज : दातिवऱ्याच्या किनाऱ्यापासून कोसबाडपर्यंत

भारतीय जनगणनेच्या व्याख्येनुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक वयाची जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू व लिहू शकते, ती साक्षर ठरते. ही कसोटी मोजणीपुरती सोयीची असली, तरी वैतरणेच्या मुखाशी उत्तर तीरावर वसलेल्या दातिवऱ्याचा आणि त्यामागच्या डोंगरपट्ट्याचा शिक्षणविषयक इतिहास तिच्यात मावत नाही.

या किनाऱ्यावरील कोळी व मांगेला समाजांच्या डोल मासेमारीत, म्हणजे पिशवीसारखे जाळे प्रवाहाच्या तोंडाशी खुंटांना बांधण्याच्या पद्धतीत, सारा व्यवहार पाण्याच्या वेळेवर चालतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण येऊन प्रवाहाला जोर चढतो, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी होतो. पूर्ण भरतीची वेळ काढण्याची कोकणातील जुनी रीत अशी की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. चंद्र दररोज साधारण 50 मिनिटे उशिरा उगवतो, आणि पाऊण तास हे त्याचेच तोंडी हिशेबासाठी सोपे केलेले रूप होय. खगोल आणि अपूर्णांक यांची अशी सांगड रोजच्या कामात घालणारा तांडेल, म्हणजे नावेचा प्रमुख, अक्षर येत नाही एवढ्यावरून अडाणी गणला गेला, हा त्याच्यावरील अन्यायच म्हटला पाहिजे.

विशेष म्हणजे पंतोजींच्या गावठी शाळेतही मुले पावकी, निमकी, सवायकी यांच्याबरोबर पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, घोकीत असत आणि दस्तऐवजांसाठी मोडी व वाचनासाठी बालबोध अशा दोन लिप्या शिकत. परंतु ही शाळा मुख्यतः कारकुनी व व्यापार करणाऱ्या घरांची होती. महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे मांडलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करावे आणि मोडी, बालबोध व हिशेब यांच्या जोडीला शेती व आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान द्यावे, असे सुचविले. त्यात अक्षर आणि कष्टकऱ्याचे जगणे यांतील हीच फारकत मिटविण्याचा आग्रह होता.

डोंगराकडे ही फारकत अधिक क्रूर होती. लग्नासाठी कर्ज काढून त्यापायी सावकाराकडे जन्मभर राबणाऱ्या वारल्याला लग्नगडी म्हणत, आणि वहीत काय लिहिले आहे हे वाचता न येणाऱ्याला तिच्यातील आकडा खोडून काढणे शक्य नव्हते. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली 1945 साली वेठ व लग्नगडी या प्रथांविरुद्ध जो लढा उभा राहिला, त्यात बहुसंख्य निरक्षर माणसांनी स्वतःच्या हक्कांचा अर्थ नेमका ओळखला.

त्याच वर्षी ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून बिया, शिंपले, पाने व खडे यांवर मुलांना मोजणी शिकविण्यात आली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून पाड्यावरच भरणारी अंगणवाडी, आणि गुरे राखणाऱ्यांसाठी चराईच्या जागीच भरणारी कुरणशाळा, हे दोन्ही प्रयोग याच कामातून पुढे आले. अंगणवाडी हे नाव 1975 च्या एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर पोहोचले. कुरणशाळेला तसा विस्तार लाभला नाही, आणि मुलाचे काम व भोवताल शिक्षणातून वगळण्यास नकार देणारी ती कल्पनाच या दोहोंत अधिक धाडसाची होती.