शेल वायू : महाराष्ट्र व युरोप

शेल या बारीक कणांच्या, पापुद्री गाळखडकात कोंडलेला नैसर्गिक वायू. यात मुख्यतः मिथेन असतो. खडकातील छिद्रे एकमेकांशी जोडलेली नसल्याने तो आपण होऊन विहिरीकडे येत नाही. म्हणून आडवी विहीर खणून तीत वाळू व रसायने मिसळलेले पाणी प्रचंड दाबाने सोडतात आणि खडकाला भेगा पाडतात.

महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग दख्खनच्या बेसाल्टने झाकलेला आहे. राजूर-भंडारदरा परिसर आणि त्याच्या डोक्यावरचे १,६४६ मी. उंचीचे कळसूबाई ही याच लाव्हाथरांची रचना. लाव्हात जैव गाळ नसतो. तेव्हा शेल वायू असलाच, तर बेसाल्टखाली. तिथे काय आहे हे दोन ठिकाणी कळले आहे. कोयनेच्या वेधनात ९३३ मी. बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइटी खडक लागला, तर किल्लारीला ३३८ मी.खाली जेमतेम ८ मी. गाळखडक आढळला. दोन छिद्रांवरून अख्ख्या राज्याचा निवाडा करू नये, पण पश्चिम महाराष्ट्राने फार आशा धरण्यासारखे यात काही नाही. विदर्भातील वर्धा खोऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तेथील कोळसा गोंडवन खडकांतला आहे, आणि पश्चिम बंगालमधील दुर्गापूरजवळ जानेवारी २०११ मध्ये ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीला भारतातील पहिला शेल वायू मिळाला तोही गोंडवन शेलमध्येच.

अंदाज आणि खडक यांतले अंतर युरोपात पोलंडने अनुभवले. २०११ मध्ये अमेरिकी ऊर्जा माहिती प्रशासनाने पोलंडचा काढता येण्याजोगा साठा सुमारे ५.३ लाख कोटी घन मी. धरला होता. पुढच्याच वर्षी पोलिश भूवैज्ञानिक संस्थेने ३४,६०० ते ७६,८०० कोटी घन मी. हा पल्ला अधिक संभाव्य ठरवला, म्हणजे फार तर सातवा हिस्सा. एक्सॉनमोबिल २०१२ मध्ये आणि शेव्हरॉन २०१५ मध्ये तिथून बाहेर पडली. फ्रान्सने २०११ मध्ये व बल्गेरियाने २०१२ मध्ये या भेगतंत्रावर बंदी घातली. इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलजवळ २०११ मध्ये २.३ व २०१९ मध्ये २.९ प्रतीचे धक्के बसले आणि २०१९ च्या नोव्हेंबरात तिथेही बंदी आली. पाण्याचा दाब जमिनीखाली काय करू शकतो, हे कोयनेच्या १९६७ च्या भूकंपानंतर मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको; तिथे कारण जलाशयाचे होते आणि धक्का कितीतरी मोठा, एवढाच फरक.

२०२२ मध्ये रशियन वायू आटला तेव्हा ब्रिटनने इंग्लंडमधील बंदी उठवून सुमारे महिन्याभरात पुन्हा लादली. बाकी युरोपानेही विहिरी खणल्या नाहीत. अमेरिकी शेल वायू द्रवरूपात जहाजांनी आणला. महाराष्ट्राने ती वाट आधीच धरली होती. ‘गेल’ या सरकारी वायू कंपनीने अमेरिकेतील सबाइन पास येथून दीर्घ कराराने घेतलेला पहिला साठा ‘मेरिडियन स्पिरिट’ जहाजातून ३० मार्च २०१८ रोजी दाभोळला उतरला. लाटारोधक बंधारा अपुरा असल्याने दाभोळचा हा धक्का अनेक वर्षे पावसाळ्यात बंद ठेवावा लागे.