छळ नक्की कुणाचा झाला?

इ.स. ११२च्या आसपास रोमन सुभेदार प्लिनीने सम्राट ट्राजनला विचारलं, या ख्रिस्ती लोकांचं करू काय? चौकशीसाठी दोन गुलाम बायकांचा छळ केल्याचंही त्याने सहज लिहून टाकलंय. नावं दिलेली नाहीत. सम्राटाचं उत्तर: शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण आरोप सिद्ध झाला आणि माणूस मागे हटला नाही, तर शिक्षा.

आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं. इथे साम्राज्यच ख्रिस्ती, त्यामुळे सिंहांपुढे टाकायला कुणी नव्हतं. शिक्षा द्यायची ती जात आणि घर. पाणी बंद, पंगत बंद, वारसाहक्क बंद. यातला वारसाहक्क वाचवायला १८५० साली कायदा करावा लागला. पंगतीसाठी कायदा कोण करणार?

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या त्यागाबद्दल भरपूर बोललं जातं. 'स्मृतिचित्रे' वाचताना मी मात्र लक्ष्मीबाईंपाशी अडखळले. धर्म नवऱ्याने बदलला, संसार हिचा मोडला. आणि ही तर हिंदूच होती! लहानग्या दत्तूला घेऊन तिने पंढरपुरात नातेवाइकांच्या आसऱ्याने दिवस काढले. टिळक मला आवडतात, पण इथे त्यांचा राग येतो.

पुढे ती नगरला आली, तीही सोवळं सांभाळत. जात माणसांनीच केलीय, हे तिला पटलं ते तिच्या स्वतःच्या विचाराने. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.