सुरत ते बेळगाव : दोन देशभक्तांचा कलह

माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर एक बाग आहे. डॉकयार्ड रोड स्थानकातून बाहेर पडून टेकडी चढून गेले की गोदीचा पसारा व खाडीचे पाणी दृष्टीस पडते. या बागेला जोसेफ बाप्टिस्टा यांचे नाव आहे. याच परिसरातील माथारपाखाडीत 1864 साली जन्मलेला हा ईस्ट इंडियन ख्रिस्ती बॅरिस्टर सर्वांचा 'काका' होता. 1925 साली ते मुंबईचे महापौर झाले, गिरणी कामगारांच्या व पोस्टमनांच्या लढ्यांत उभे राहिले, आणि त्याही आधी, 28 एप्रिल 1916 रोजी, बेळगावात स्थापन झालेल्या होमरूल लीगचे ते पहिले अध्यक्ष झाले.

ही लीग लोकमान्य टिळकांची. सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात काढून आलेल्या टिळकांमागे तेव्हा सारा महाराष्ट्र उभा होता. असे असता त्यांनी स्वतः कोणतेच पद न घेता एका कॅथलिक बॅरिस्टराला अध्यक्षाच्या खुर्चीवर का बसविले, असा प्रश्न आम्हांला अनेकदा पडतो. काका टिळकांचे स्नेही होते, कायदेपंडित होते, हे खरेच. परंतु या प्रश्नाचे पुरते उत्तर हवे असेल तर एका जुन्या भांडणाची हकिकत पाहावी लागते. ते भांडण दोन शत्रुपक्षांचे नव्हते. एकाच काँग्रेसच्या, एकाच शहरात राहणाऱ्या, एकाच शाळेत शिकविलेल्या दोन माणसांचे होते.

टिळक 1856 सालचे, गोपाळ कृष्ण गोखले 1866 सालचे. दोघेही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलच्या संस्थापकांत टिळक होते; गोखले काही वर्षांनी त्याच संस्थेत शिक्षक म्हणून आले. अल्प वेतनावर आयुष्य शिक्षणाला वाहायचे, असे व्रत घेतलेल्या या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांत पहिला बेबनाव झाला तो मानधन व बाहेरची कामे यांवरून. सभासदांनी आपला सारा वेळ संस्थेलाच द्यावा, असा टिळकांचा आग्रह. 1890 मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले तेव्हा त्याला टिळकांनी हरकत घेतली आणि वर्ष संपण्यापूर्वी स्वतःच राजीनामा देऊन ते बाहेर पडले.

त्याच 1890 साली पुण्यात दुसरी एक घटना घडली, ती आम्हां ख्रिस्ती वाचकांच्या विशेष कुतूहलाची आहे. पंचहौद मिशनमध्ये पुण्यातील काही प्रतिष्ठित मंडळींना व्याख्यानाचे निमंत्रण गेले व तेथे चहा दिला गेला. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापविली आणि मिशनचा चहा घेतल्याबद्दल ग्रामण्य उभे राहिले. त्या यादीत रानडे, टिळक व गोखले अशी तिन्ही नावे होती. सनातन्यांच्या दृष्टीने तिघेही सारखेच अपराधी! पाद्र्यांच्या अंगणात एका पंक्तीला बसलेली ही माणसे पुढे काँग्रेसच्या मंडपात एका पंक्तीला बसू शकली नाहीत, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

1895 साली काँग्रेसचे अधिवेशन पुण्यात भरावयाचे होते. काँग्रेसच्या मंडपातच सामाजिक परिषद भरवावी, अशी रानड्यांची प्रथा. राजकारणासाठी सर्वांना एकत्र आणावयाचे, तर समाजसुधारणेचा वादग्रस्त विषय त्या मंडपात नको, हे टिळकपक्षाचे म्हणणे. वाद इतका विकोपाला गेला की मंडपाला आग लावण्याच्या धमक्या दिल्या गेल्या. टिळक स्वागत समितीच्या चिटणीसपदावरून दूर झाले आणि रानड्यांनी परिषद अन्यत्र भरवून वाद मिटविला. त्याच वर्षी सार्वजनिक सभा टिळकांच्या अनुयायांच्या हाती गेली. तेव्हा रानडे-गोखले यांनी 1896 मध्ये डेक्कन सभा ही निराळी संस्था काढली. पुण्यात आता प्रत्येक गोष्टीला दोन सभा, दोन वर्तमानपत्रे व दोन गट झाले.

या कलहाला निव्वळ हेवादावा म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या मुळाशी खरा मतभेद होता. ब्रिटिश न्यायबुद्धीला आवाहन करीत, आकडे व पुरावे मांडीत, कायदेमंडळातून एकेक हक्क मिळवावा, अशी गोखल्यांची श्रद्धा होती. 1905 साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला तो याच धिम्या कामासाठी. लोकांत असंतोष जागवून त्याचे दडपण सरकारवर आणल्यावाचून काही मिळणार नाही, असे टिळकांचे अनुभवांती झालेले मत होते. वंगभंगानंतर हा भेद महाराष्ट्रापुरता राहिला नाही. 1906 च्या कलकत्ता अधिवेशनात दादाभाई नौरोजींच्या वडिलकीमुळे स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण हे चार ठराव संमत झाले आणि फूट एक वर्ष लांबली.

पुढले अधिवेशन नागपूरला ठरले होते. तेथील स्वागत समितीत दंगल माजल्याने नेमस्त पुढाऱ्यांनी ते सुरतेस हलविले. सुरत मुंबई इलाख्यातली. यजमान प्रांतातला अध्यक्ष निवडू नये असा संकेत होता, त्यामुळे टिळकांचे नाव आपोआपच मागे पडले. जहालांनी लाला लजपतराय यांचे नाव पुढे केले. पण मंडालेच्या हद्दपारीतून नुकत्याच सुटलेल्या लालाजींनी आपल्यामुळे फूट पडू नये म्हणून नकार दिला. नेमस्तांचे उमेदवार होते डॉ. रासबिहारी घोष. चार ठराव सौम्य केले जाणार, अशी आवई उठली. ठरावांचा मसुदा वेळेवर हाती पडला असता तर कदाचित संशय फिटला असता. तो मसुदा जहालांना अगदी अखेरच्या घटकेला मिळाला, आणि संशयाने तोवर घर केले होते.

26 डिसेंबर 1907 रोजी तापीकाठच्या त्या शहरात सुमारे सोळाशे प्रतिनिधी जमले. अंबालाल साकरलाल देसाई यांनी घोषांचे नाव सुचविले. सुरेंद्रनाथ बॅनर्जी अनुमोदन देण्यास उठताच इतका गोंगाट झाला की त्यांच्यासारख्या वक्त्यालाही बोलता येईना. सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी यांना चिठ्ठी पाठविली : अनुमोदनानंतर आपल्याला तहकुबीची सूचना मांडावयाची आहे. चिठ्ठीला उत्तर आले नाही. घोष भाषणास उभे राहिले तेव्हा टिळक व्यासपीठावर चढले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. अध्यक्ष म्हणतात, तुमची सूचना नियमबाह्य. टिळक म्हणतात, तुमची निवडच अद्याप पुरी झालेली नाही. इतक्यात मंडपातून एक जोडा भिरभिरत आला. तांबड्या चामड्याचा, टोकदार मराठी जोडा! तो सुरेंद्रनाथांच्या गालाला लागून फिरोजशहा मेहतांवर आपटला. मग खुर्च्या व लाठ्या चालल्या आणि अखेर पोलिसांनी मंडप मोकळा केला.

त्या वेळी तेथे हेन्री नेव्हिन्सन नावाचा इंग्रज पत्रकार हजर होता. त्याने जे पाहिले व लिहून ठेवले त्यातील एक गोष्ट आम्हांला त्या जोड्याहून कितीतरी महत्त्वाची वाटते. संतापलेले नेमस्त तरुण टिळकांवर धावून आले तेव्हा गोखले टिळकांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, आणि दोन्ही हात पसरून त्यांनी आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याचे रक्षण केले. सतरा वर्षांचे वैर एका बाजूला आणि ते पसरलेले दोन हात दुसऱ्या बाजूला. शाळेच्या पुस्तकांत तो जोडा आला. हे हात आले नाहीत.

दोष कोणाचा? दोन्ही पक्षांनी आपापली निवेदने काढली व दोघांनीही दुसऱ्यावर खापर फोडले. अनेक वर्षांनी श्री अरविंदांनी लिहून ठेवले की काँग्रेस मोडण्याची आज्ञा टिळकांना न विचारता आपणच दिली होती. म्हणजे ज्यांच्या नावावर हे पाप जमा झाले त्यांना ते ठाऊकही नव्हते. आमच्या मते दोष विभागून द्यावा लागतो. विरोधी सूचना मांडण्याचा एका प्रतिनिधीचा हक्क नेमस्तांनी चिठ्ठीसकट दडपला. वडीलधाऱ्या वक्त्याचे बोलणे ऐकून घेण्याचे साधे कर्तव्य जहालांनी पाळले नाही. मतभेद तर वीस वर्षे होतेच, तरीही संस्था उभी होती. एकमेकांचे ऐकून घेण्याचा नियम मोडला त्या दिवशी ती कोसळली.

लाभ झाला तो तिसऱ्याचा. व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांना सुरतेची घटना हा आपलाच मोठा विजय वाटला. नेमस्तांनी 1908 मध्ये अलाहाबादला नवी घटना करून जहालांना दार बंद केले. त्याच वर्षी 22 जुलैस टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या खटल्यात टिळकांना साहाय्य करणाऱ्या वकिलांत बॅरिस्टर बाप्टिस्टा होते. गोखले त्या वेळी विलायतेत होते. त्यांनीच तेथे बसून शिक्षा घडवून आणली, अशी कुजबुज पुण्यात उठली. ती खोटी होती. पण दोन गटांत बोलणेच खुंटले की खोट्याला वाहन मिळते.

1914 च्या जूनमध्ये टिळक सुटले. डिसेंबरात ॲनी बेझंट समेटासाठी पुण्यास आल्या. गोखल्यांचे मन प्रथम अनुकूल होते. पण टिळक काँग्रेसमध्ये परतून आडवणुकीचे राजकारण करतील, असे त्यांना पुढे वाटू लागले आणि तसे त्यांनी मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसू यांना खासगी पत्राने कळविले. पत्रातील मजकूर बाहेर फुटला. टिळकांनी आरोप नाकारला, गोखल्यांनी खुलासा केला, आणि 1915 च्या प्रारंभी पुन्हा एकदा दोघांचा वाद वर्तमानपत्रांच्या रकान्यांतून सुरू झाला. टिळकांना हे समोरासमोर विचारता आले असते. गोखल्यांना समोरासमोर सांगता आले असते. दोघांच्या घरांत फारसे अंतर नव्हते.

19 फेब्रुवारी 1915 रोजी गोखले गेले. वय अवघे अठ्ठेचाळीस. टिळक सिंहगडावर होते. बातमी कळताच ते खाली उतरले आणि स्मशानभूमीवर त्यांनी भाषण केले. गोखले हे भारताचा हिरा व महाराष्ट्राचे रत्न होते, त्यांचे अनुकरण करा, असा त्या भाषणाचा आशय होता. टिळकांच्या शब्दांत दांभिकपणा नव्हता, असे आम्ही मानतो. परंतु ज्याने ते ऐकावयाचे तो चितेवर होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात फिरोजशहा मेहताही निवर्तले. डिसेंबरच्या मुंबई अधिवेशनात घटनेतील अडसर सैल झाला आणि 1916 च्या एप्रिलमध्ये बेळगावच्या प्रांतिक परिषदेत टिळकपक्षाने काँग्रेसमध्ये परतण्याचा निर्णय घेतला. होमरूल लीग जन्मली ती याच दिवसांत. आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. लीगचे अध्यक्ष टिळक झाले असते तर नेमस्तांना ती सुरतेचीच पुढची पायरी वाटली असती. पुण्याच्या पंचवीस वर्षांच्या भांडणात ज्याचा हात नव्हता, संमतिवय, सामाजिक परिषद, सार्वजनिक सभा यांपैकी कशाचाही डाग ज्याच्या अंगावर नव्हता, असा माणूस हवा होता. माझगावचा कॅथलिक बॅरिस्टर असा होता. हा आमचा तर्क आहे; पण घटनाक्रम पाहता तो वावगा वाटत नाही. काकांनी ती खुर्ची शोभेची ठेवली नाही. लीगच्या कामासाठी ते 1917 मध्ये इंग्लंडलाही गेले.

1916 च्या लखनौ अधिवेशनात नऊ वर्षांनी दोन्ही पक्ष एका व्यासपीठावर आले. मात्र ती एकीही टिकली नाही. 1918 मध्ये नेमस्त पुन्हा बाहेर पडले, या वेळी कायमचे. तरीही लखनौ व्यर्थ गेले असे आम्ही म्हणणार नाही. मुस्लिम लीगशी करार त्याच अधिवेशनात झाला, आणि फुटलेल्या काँग्रेसला तो करता आला नसता.

प्रेषितांच्या कृत्यांत पौल व बर्णबा यांचा मार्कावरून तीव्र वाद होऊन ते वेगळ्या वाटांनी गेल्याचे सांगितले आहे. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर दोष दिला, हे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. पवित्र शास्त्राने ही भांडणे झाकली नाहीत. परंतु तोच पौल उतारवयात तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेला उपयोगी आहे. तोंडावर बोलणे आणि नंतर बोलावणे पाठविणे, या दोन गोष्टी तेथे आहेत. पुण्याच्या आमच्या दोन थोर पुरुषांकडून नेमक्या याच दोन राहून गेल्या.

आमच्या धर्मग्रामांत, पतपेढ्यांत, शाळांच्या मंडळांत असे दोन गट आम्ही पाहिले आहेत. दोन्हीकडे प्रामाणिक माणसे असतात. पत्रके निघतात, एकमेकांच्या सभा उधळल्या जातात, आणि कोणी एक दगावला की दुसरा अंत्यविधीला येऊन गहिवरून बोलतो. तेव्हा सुरतेच्या मंडपातील ते पसरलेले दोन हात आम्हांला आठवतात. त्या क्षणी गोखल्यांनी आपले मत तसूभरही बदलले नव्हते. समेटाची सुरुवात तेथून होऊ शकली असती; ती सव्वाआठ वर्षांनी बेळगावला झाली, आणि तोवर गोखले राहिले नव्हते.